शून्यापासून मोजलेली डिस्क

मार्च महिन्यातला गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजत आले होते. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, एका पतसंस्थेत, पिग्मी एजंट दिवसभराची वसुली आपापल्या मशीनमधून सर्व्हरवर उतरवत होते. त्याच वेळी एक तरुण तंत्रज्ञ माझ्या सांगण्यावरून त्या सर्व्हरमधली बिघडलेली डिस्क बाहेर ओढत होता. त्याने ओढली ती डिस्क चांगली होती. संस्थेतले सगळे काउंटर एकदम थांबले.

चूक त्याची नव्हती, मी फोनवर बोललेल्या एका वाक्याची होती. हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे त्याला कारण आहे. त्या रात्री जे वाचलं ते सर्व्हरमध्ये मुळातच बसवलेल्या साधनांमुळे वाचलं. आणि ही वेळ आली तीही तीच साधनं घेतल्या दिवसापासून कुणी उघडलीच नव्हती म्हणून.

यंत्राची ओळख आधी करून देतो. डेल पॉवरएज टी४४०, म्हणजे टॉवर प्रकारचा सर्व्हर. आत पर्क एच७३०पी रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच डिस्क असल्यासारख्या चालवणारं कार्ड. त्यावर २ जीबी कॅश, म्हणजे तात्पुरती जलद स्मृती. २ टीबीच्या चार नियरलाइन सॅस (सर्व्हरसाठीच्या, मोठ्या क्षमतेच्या) डिस्क आणि चारही मिळून एकच रेड ५, म्हणजे वापरायला ६ टीबी जागा. विंडोज सर्व्हर त्यावरच, डेटाबेसही त्यावरच. डिस्कचे एकूण आठ खण, त्यातले चार रिकामे. आयड्रॅक एन्टरप्राइझचा परवाना खरेदीच्या बिलात वेगळे पैसे मोजून घेतलेला होता. आयड्रॅक म्हणजे सर्व्हरच्या पोटातला एक छोटा स्वतंत्र संगणक. सर्व्हर बंद असला तरी भिंतीतून वीज मिळते आहे तोवर तो जागा असतो, पंखे-तापमान-डिस्क सगळ्यांवर नजर ठेवतो आणि काही बिघडलं तर ईमेल पाठवू शकतो. त्याचं नेटवर्क पोर्ट मागच्या बाजूला वेगळं असतं. या सर्व्हरच्या त्या पोर्टात केबल कधीच लागलेली नव्हती. रबरी टोपण जसंच्या तसं होतं.

त्या आठवड्यात संस्थेची तक्रार आली होती की सर्व्हर हळू चालतो. मार्चअखेर तोंडावर, म्हणून आधी वाटलं कामाचा बोजा असेल. तरी मी तिथल्या लिपिकाला सर्व्हरची तब्येत दाखवणारं डेलचं ओपनमॅनेज उघडून स्टोरेजच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगितलं. फोटोत लाल फुली होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'फिजिकल डिस्क ०:१:२, फेल्ड'.

रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी चालतं. उरलेल्या तीन डिस्कवरचा मजकूर आणि पॅरिटी, म्हणजे त्यासाठीच लिहून ठेवलेली जादा माहिती, यांवरून हरवलेला मजकूर दर वेळी गणित करून काढला जातो, म्हणून तर काम हळू झालं होतं. पण या अवस्थेत दुसरी डिस्क गेली की सगळं बसलं.

गावातल्या दुकानातल्या त्या तंत्रज्ञाकडे त्याच मापाची एक वापरलेली डिस्क होती. दुसऱ्या एका सर्व्हरमधून काढून ठेवलेली. तो ती घेऊन संस्थेत पोहोचला आणि त्याने मला फोन लावला.

"सर, डिस्क आणलीय. कुठली काढू?"

"दोन नंबरची."

०:१:२ मधला शेवटचा आकडा खणाचा असतो, आणि खण मोजायचे शून्यापासून. शून्य, एक, दोन, तीन. म्हणजे दोन नंबरची डिस्क रांगेत तिसरी येते. मला हे वीस वर्षांपासून पाठ आहे. पण माझ्या तोंडून बाहेर पडलं ते फक्त 'दोन नंबरची'. त्याने सरळ दुसरी डिस्क काढली, आणि पडदा गोठला म्हणून घाबरून लगेच परत आत ढकलली.

नंतर मी तिथे पोहोचल्यावर तो मला म्हणाला, "सर, तिसऱ्या डिस्कवर पिवळा दिवा फडफडताना मला दिसत होता. पण तुम्ही दोन म्हणालात."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. डेलच्या डिस्कवरचा पिवळा दिवा सेकंदाला चार वेळा लुकलुकला की त्याचा अर्थ एकच, ही डिस्क गेली. यंत्र बरोबर बोट दाखवत होतं, मुलाला ते दिसतही होतं, आणि तरी त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

फोनवर मी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. पॉवरचं बटण दाबून धरून सर्व्हर बंद कर. मागची वीज काढू नकोस. आणि मी येईपर्यंत पुन्हा चालू करू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी. व्यवस्थापक साहेबांनाही फोनवर घेऊन तेच सांगितलं. आता एजंट खोळंबलेत, तर एकदा चालू करून बघू, असं कुणालाही वाटणं साहजिक होतं. पण चालू केल्यावर पडद्यावर जो प्रश्न येणार होता त्याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं.

डिस्क परत आत गेल्यावर नेमकं काय होतं ते इथे समजून घ्यायला हवं. रेडची रचना दोन ठिकाणी नोंदलेली असते, कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीत आणि प्रत्येक डिस्कवर राखून ठेवलेल्या एका कोपऱ्यात. डिस्क चालू यंत्रातून निघाली की कंट्रोलर आपल्या वहीत लिहितो, हा सदस्य गेला. तीच डिस्क दोन सेकंदांनी परत आली तरी वहीतली नोंद आणि डिस्कवरची नोंद आता जुळत नाहीत. म्हणून कंट्रोलर तिला 'फॉरेन' म्हणतो, परकी. घरचा माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून परत आला आणि दार उघडणाऱ्याने ओळख विचारली, असा तो प्रकार.

परकी डिस्क दिसली की कंट्रोलर दोन पर्याय देतो. इम्पोर्ट म्हणजे तिच्यावरची नोंद मान्य करून तिला रचनेत घ्या. क्लिअर म्हणजे ती नोंद पुसा आणि डिस्क कोरी समजा. आमच्या डिस्कवर क्लिअर दाबलं गेलं असतं तर चारातल्या दोन डिस्क कायमच्या गेल्या असत्या आणि रेड ५ परत उभं राहण्याचा मार्ग तिथेच संपला असता.

याहून नाजूक गोष्ट कॅशची होती. डिस्क ओढली त्या क्षणी एजंटांच्या नोंदी सर्व्हरवर उतरत होत्या. कंट्रोलर राइट बॅक पद्धतीवर चालू होता, म्हणजे लिहायला आलेला मजकूर तो आधी आपल्या कॅशमध्ये घेतो, 'झालं' असं कळवतो आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतो. व्हर्च्युअल डिस्कच, म्हणजे चारही मिळून दिसणारी ती एक डिस्कच, कोसळल्यामुळे न उतरलेला मजकूर कॅशमध्ये अडकून पडला. कंट्रोलर तो टाकून देत नाही, जपून ठेवतो. त्याला 'प्रिझर्व्ह्ड कॅश' म्हणतात. वीज गेली तरी कंट्रोलरची बॅटरी कॅशमधला मजकूर त्याच कार्डावरच्या फ्लॅश स्मृतीत उतरवते, त्यामुळे सर्व्हर बंद करायला मी कचरलो नाही. क्रम मात्र पाळावा लागतो. आधी परकी रचना इम्पोर्ट करायची, म्हणजे व्हर्च्युअल डिस्क परत येते आणि अडकलेला मजकूर तिच्यावर उतरतो. आधीच कॅश टाकून दिली तर तेवढ्या नोंदी गेल्या.

सात वाजता पोहोचलो. सर्व्हर टेबलाखाली, समोरच्या जाळीवर धुळीचा थर. सर्वांत आधी मला घटनाक्रम हवा होता, तोही यंत्र चालू न करता. टी४४० च्या समोरच्या बाजूला मायक्रो-यूएसबीचं एक छोटं पोर्ट असतं, पान्याचं चिन्ह काढलेलं. ते थेट आयड्रॅकला जातं. साधी मायक्रो-यूएसबी केबल लॅपटॉपला लावली की लॅपटॉपला १६९.२५४.०.४ हा पत्ता मिळतो आणि ब्राउझरमध्ये १६९.२५४.०.३ टाकलं की आयड्रॅकचं पान उघडतं. नेटवर्क नको, सर्व्हर चालू नको. पासवर्ड? या पिढीपासून प्रत्येक यंत्राला कारखान्यातून वेगळा पासवर्ड देता येतो आणि तो समोरच्या बाजूला खालून सरकवून बाहेर काढायच्या एका चिठ्ठीवर छापलेला असतो. जुन्या पिढ्यांमध्ये सगळीकडे एकच ठरलेला पासवर्ड असायचा आणि जगाला तो माहीत होता. चिठ्ठी ओढली तर तिच्यावर प्लास्टिकचं आवरण अजून तसंच.

आयड्रॅकच्या लाइफसायकल लॉगमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदवहीत, सगळं क्रमाने लिहिलेलं सापडलं. खण २ मधल्या डिस्कमध्ये बिघाड, २६ दिवसांपूर्वी. खण १ मधली डिस्क काढली, आज ४ वाजून ५१ मिनिटं. परत घातली, त्याच मिनिटात. मधे वेगळी काहीही नोंद नाही, म्हणजे खण ० आणि ३ ला कुणाचा हात लागलेला नव्हता. हे कळणं फार मोलाचं होतं. २६ दिवस जुनी डिस्क शिळी, तिच्यावरचा मजकूर आता उपयोगाचा नाही. खण १ ची डिस्क मात्र कोसळण्याच्या क्षणापर्यंत ताजी. परकी म्हणून इम्पोर्ट करायची ती हीच आणि एवढीच, हे कागदावर लिहून घेतलं, मगच पॉवरचं बटण दाबलं.

यंत्र सुरू होता होता थांबलं. संदेशाचा आशय असा होता की काही व्हर्च्युअल डिस्क सापडत नाहीत किंवा बंद आहेत, आणि त्यांचा मजकूर कॅशमध्ये जपलेला आहे. केबल आणि डिस्क तपासा. एफ२ दाबून सिस्टम सेटअपमध्ये गेलो. तिथे तीन दारं असतात: सिस्टम बायोस, आयड्रॅक सेटिंग्ज आणि डिव्हाइस सेटिंग्ज. तिसऱ्या दारातून पर्क, त्यात कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट, त्यात मॅनेज फॉरेन कॉन्फिगरेशन. या शेवटच्या पानावर प्रिव्ह्यू नावाची ओळ आहे. माझ्या मते सगळ्या सेटअपमधली ही सर्वांत मोलाची ओळ. काहीही न बदलता ती दाखवते की परक्या डिस्कवर कोणती रचना लिहिलेली आहे. आमच्या पडद्यावर दिसलं: एक व्हर्च्युअल डिस्क, रेड ५, नाव संस्थेचंच, आणि परक्यांच्या यादीत एकच डिस्क, खण १. कागदावर लिहिलेल्याशी जुळलं. तंत्रज्ञ मुलाला शेजारी बसवून त्यालाही मोठ्याने वाचायला लावलं. मग इम्पोर्ट, खात्रीच्या चौकटीत खूण, होय.

व्हर्च्युअल डिस्कच्या पानावर 'डिग्रेडेड' असं आलं. एरवी हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो, पण त्या रात्री तो मला फार गोड वाटला. डिग्रेडेड म्हणजे लंगडत का होईना, उभी आहे.

विंडोज सुरू झालं. डेटाबेसवर डीबीसीसी चेकडीबी ही तपासणीची आज्ञा चालवली, एकही दोष निघाला नाही. खरी परीक्षा मात्र व्यवस्थापक साहेबांनी सुचवली. त्यांनी दोन पिग्मी एजंटांना बोलावून घेतलं होतं. एकाच्या मशीनवर शेवटची यशस्वी नोंद ४ वाजून ५० मिनिटांची, बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराचे दोनशे रुपये. सर्व्हरवर शोधली. होती. दुसऱ्याचीही होती.

आता नवी डिस्क घालायचा मोह प्रत्येकाला झाला होता, मीच थांबवला. रीबिल्ड म्हणजे हरवलेला मजकूर नव्या डिस्कवर परत लिहिण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणं. ६ टीबी म्हणजे ४८ लाख कोटी बिट. या दर्जाच्या डिस्कसाठी उत्पादक साधारण हजार लाख कोटी बिटांत एखादं न वाचता येणारं ठिकाण गृहीत धरतात. त्या हिशेबाने रीबिल्डमध्ये अडखळण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास निघते. घरगुती साटा डिस्कसाठी हा आकडा दहापट वाईट धरतात, तिथे हीच शक्यता तीस-चाळीसच्या घरात जाते. शंभरात पाच हेही मार्चअखेरच्या पतसंस्थेसाठी मला जास्त वाटतं. म्हणून आधी डेटाबेसचा पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर काढला आणि दुसऱ्या संगणकावर तो उघडतो का ते पाहिलं. यात साडेदहा वाजले. कंट्रोलरच्या फर्मवेअरची (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती आलेली होती, सर्व्हरमधलाच लाइफसायकल कंट्रोलर ती सुचवतही होता. तिलाही हात लावला नाही. लंगड्या घोड्याची नाल बदलायची ती वेळ नव्हती.

मग पुन्हा एफ२ मध्ये आलो. मेलेली डिस्क काढण्याआधी फिजिकल डिस्कच्या पानावरून 'ब्लिंक' ही क्रिया खण ०, १ आणि ३ वर लावली. डिस्कवरचा हिरवा दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकतो. ज्यांना हात लावायचा नाही त्या तीन डिस्क लुकलुकवल्या, कारण मेलेली डिस्क आज्ञा ऐकेलच असं नसतं. तीन हिरवे, एक पिवळा. मुलाने पिवळी काढली.

त्याने आणलेली वापरलेली डिस्क आत गेली आणि अपेक्षेप्रमाणे तीही परकी ठरली. तेच पान, तीच प्रिव्ह्यूची ओळ. या वेळी दिसली ती कुण्या दुसऱ्याच सर्व्हरवरची जुनी रचना, जिचे बाकीचे सदस्य इथे नव्हतेच. इथे बरोबर उत्तर क्लिअर. एका रात्रीत, एकाच पडद्यावर, एकाच शब्दापुढे आम्ही दोन उलट बटणं दाबली आणि दोन्ही बरोबर होती. ही डिस्क संध्याकाळीच घातली गेली असती तर दोन परक्या रचना एकत्र दिसल्या असत्या, आणि क्लिअर हा सगळ्याच परक्या नोंदी पुसतो. म्हणून मी एकेका डिस्कचा निकाल लावून मगच पुढे जातो. 'फॉरेन दिसलं की क्लिअर करा' किंवा 'फॉरेन दिसलं की इम्पोर्ट करा' असा सरसकट सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये, प्रिव्ह्यू पाहावा.

कोरी झालेली डिस्क ग्लोबल हॉट स्पेअर, म्हणजे गेलेल्या डिस्कची जागा आपोआप घेणारी राखीव डिस्क, म्हणून नेमली, लगेच रीबिल्ड सुरू झालं. कंट्रोलर त्याला मुळात ३० टक्के जोर देतो, तो तसाच ठेवला. पहाटे पावणेसहाला 'ऑप्टिमल' दिसलं. व्यवस्थापक साहेब तोवर खुर्चीतच बसून होते, घरी गेलेच नाहीत. त्यांनी स्वतः चहा आणला.

त्यानंतर काय बदललं ते थोडक्यात. आयड्रॅकच्या पोर्टात केबल लावली, स्थिर पत्ता दिला, पासवर्ड बदलून लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवला. डिस्क, वीजपुरवठा आणि तापमान यांच्या सूचना तीन ईमेल पत्त्यांवर जातील असं लावलं, आणि चाचणीचा ईमेल येईपर्यंत जागचा हललो नाही. ईमेल लावलेला असणं आणि तो खरोखर पोहोचणं यांत बरंच अंतर असतं. त्याचं उदाहरण तिथेच मिळालं. पहिला ईमेल पोहोचलाच नाही, पाठवणाऱ्या सर्व्हरचं पोर्ट चुकलं होतं. सगळ्या सेटिंगची एक प्रत सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाइल म्हणून एक्सएमएल फाइलमध्ये काढून घेतली. उद्या मदरबोर्ड बदलावा लागला तर आठवणीवर विसंबायला नको.

डिस्कच्या रचनेबद्दल संस्थेशी बरीच चर्चा झाली. पाचवी डिस्क घेऊन ती हॉट स्पेअर ठेवायची, की रेड ६ करायचं? दोन्हीत खर्च तोच, जागाही तेवढीच. हॉट स्पेअरमध्ये पहिली डिस्क गेल्यावर रीबिल्ड होईपर्यंतचे तास उघडे राहतात. रेड ६ मध्ये दुसरी डिस्क त्याच वेळी गेली, किंवा कुणी चुकीची ओढली, तरी काम चालू राहतं. मी रेड ६ च्या बाजूने होतो आणि आजही आहे. पर्क चालू रेड ५ चं रेड ६ करू शकतो, किमान एक डिस्क वाढवावी लागते. पण त्या कामाला बराच वेळ लागतो, म्हणून ते दिवाळीच्या सुट्टीत, ताजा बॅकअप हाताशी ठेवून केलं.

इतर कंपन्यांच्या यंत्रांतही हीच साधनं असतात, दारं तेवढी वेगळी. एचपीईमध्ये आयड्रॅकच्या जागी आयएलओ, सेटअपसाठी एफ९ आणि इंटेलिजंट प्रोव्हिजनिंगसाठी एफ१०. लेनोवोच्या थिंकसिस्टममध्ये एफ१ आणि एक्सक्लॅरिटी. तुमच्या ताब्यात सर्व्हर असेल तर आज मागे वाकून बघा, व्यवस्थापनाच्या पोर्टात केबल आहे का.

डिस्कच्या ट्रेवर आम्ही चिठ्ठ्या चिकटवल्या: खण ०, खण १, खण २, खण ३, खण ४. आकडे मोठे, टेबलाखाली वाकून वाचता येतील असे. आणि त्या मुलाशी एक ठरवलं. काढायच्या डिस्कचा फोटो चिठ्ठीसकट मला पाठवायचा, मी आयड्रॅकमध्ये त्याच डिस्कचा सिरियल नंबर वाचायचा, दोन्ही जुळले तरच ट्रेची कडी उघडायची.

जानेवारीत रात्री पाऊणच्या सुमाराला आयड्रॅकचा ईमेल आला, खण ० मधली डिस्क लवकरच बिघडेल अशी सूचना. डिस्क अजून चालू होती. सकाळी साडेदहाला त्या मुलाचा फोटो आला. '०' ची चिठ्ठी, खाली सिरियल नंबर. मागोमाग फोन.

"सर, शून्य नंबर. रांगेतली पहिली. नंबर वाचून दाखवू का?"

"वाच," मी म्हणालो.